मुरगळलेला घोटा आणि त्याचे शेजारी

वाचकाचं पत्र, थोडक्यात : वय ४३. शाळेत शिकवतात, त्यामुळे दिवसातले पाच-सहा तास उभ्याने जातात. आठवड्यातून तीन दिवस बॅडमिंटन खेळायच्या. सात महिन्यांपूर्वी उंच शटल मारून खाली उतरताना उजवं पाऊल आत वळलं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आली. एक्स-रे काढला. ‘हाड मोडलेलं नाही, लिगामेंट ताणलंय’ असं सांगून क्रेप बँडेज आणि तीन आठवडे विश्रांती दिली. सूज उतरली, पण त्यानंतर चार वेळा घोटा पुन्हा वळला. एकदा तर सपाट जमिनीवर, वर्गात फळ्याकडे वळताना. जिना उतरताना घोट्याच्या पुढच्या बाजूला आवळल्यासारखं होतं. हल्ली सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्या अँकल सपोर्ट घालतात. घरचे म्हणतात, आता खेळणं पुरे. ओळखीतल्या एकांचा आग्रह आहे की घोटा सरकलाय, झटका देऊन बसवून घे. त्या विचारतात, “एक्स-रे नॉर्मल आहे म्हणजे दुखणं माझ्या मनातच आहे का? बिजागरी सैल झाली की दार लटकतं, तसं माझं झालंय का? एमआरआय करू, बसवून घेऊ, की खेळच सोडू?” जाता जाता आणखी एक काळजी : सात वर्षांच्या मुलाचे तळपाय सपाट दिसतात.

नमस्कार ताई,

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो वाचून मला वाईट वाटलं. नाही, दुखणं तुमच्या मनात नाही. सात महिन्यांत चार वेळा वळलेला घोटा हा खराखुरा त्रास आहे. ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हटल्याने तो खोटा ठरत नाही.

एक्स-रे हाडाला मुख्यतः एकच विचारतो : मोडलंस का? हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्या म्हणजे लिगामेंट, सांध्यातली हाडांवरची गुळगुळीत कूर्चा, सांध्याभोवतीची पिशवी, तिच्यातली मज्जातंतूंची टोकं यांच्याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. मुरगळलेल्या प्रत्येक पायाला तो लागतही नाही. कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी नियम मांडले आणि आज ते जगभर वापरले जातात. घोट्याच्या भागात दुखतंय आणि बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात दाबल्यावर हाडातच कळ येते, तर एक्स-रे काढायचा. मुरगळल्यावर लगेच चार पावलं टाकता आली नाहीत आणि तपासणीच्या वेळीही टाकता येत नाहीत, तरी काढायचा. दुखणं पावलाच्या मधल्या भागात असेल तर करंगळीच्या रेषेतल्या लांब हाडाचं बूड आणि आतल्या कडेचं नेव्हिक्युलर हाड ही दोन ठिकाणंही दाबून बघायची. तुमचा एक्स-रे काढला ते बरंच झालं. त्याने त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बाकीचे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत.

आता बिजागरीकडे येते. तुमच्या पत्रातला हा शब्द मी परत परत वाचला, कारण तुमचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. बिजागरी सैल झाली असेल तर ती आवळून ठेवायची, म्हणून दिवसभर सपोर्ट. ती जागेवरून सरकली असेल तर ठोकून बसवायची, म्हणून झटका. आणि ती कायमची गेली असेल तर दार वापरायचं नाही, म्हणून खेळ बंद. पण घोटा बिजागरीच नसेल तर?

सपोर्ट काढा, खुर्चीवर बसा आणि उजवं पाऊल डाव्या गुडघ्यावर घ्या. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं, म्हणून हे वाचता वाचता हात लावून बघा. दोन्ही बाजूंचे हाडाचे उंचवटे चाचपा. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा थोडा खाली आणि थोडा मागे लागेल. तो नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, फिब्युलाचं, टोक आहे. आतला नडगीच्या जाड हाडाचा आहे. पान्याच्या दोन जबड्यांत नट बसावा तसं या दोघांच्या मध्ये एक तिसरं हाड बसलेलं असतं, टेलस. तो तुमचा घोट्याचा सांधा. या पान्याचे दोन जबडे वरच्या बाजूला एकमेकांशी चिवट लिगामेंटने बांधलेले असतात. काहींची लचक घोट्याच्या वर, त्या बांधणीत असते. पाऊल बाहेर फिरवल्यावर त्यांना नडगीच्या खालच्या टोकाशी दुखतं आणि बरं व्हायलाही जास्त वेळ लागतो. तुमची सूज उंचवट्याच्या पुढे आणि खाली होती, म्हणून त्या वाटेला मी जात नाही.

माझ्या टेबलावर पायाच्या हाडांचा तारेत ओवलेला सांगाडा आहे. त्यातला टेलस मी वेगळा काढून ठेवलाय, कारण येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मला तो द्यायचा असतो. मुठीत मावतं एवढं हाड. वरची बाजू घुमटासारखी, गुळगुळीत. त्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग कूर्चेने मढवलेला असतो, कारण त्याला वर, खाली, पुढे आणि दोन्ही बाजूंना कुणा ना कुणाशी सांधा करायचा असतो. आणि त्याला एकही स्नायू चिकटत नाही. पोटरीतून पावलाकडे जाणारे सगळे दोर त्याच्या आजूबाजूने निघून जातात, त्याला धरत कुणीच नाही. शेजारची हाडं ढकलतील तसा तो सरकतो आणि लिगामेंट अडवतील तिथे थांबतो. प्राचीन ग्रीसमध्ये मेंढ्या-बकऱ्यांच्या याच हाडाचे फासे करून खेळत. हातात घेतलं की ते का ते कळतं.

हा घुमट वरून बघितला तर पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. तुमच्या त्रासाची किल्ली इथे आहे. पाऊल वर उचललं, म्हणजे बोटं नडगीकडे आणली, की रुंद भाग पान्याच्या जबड्यांत शिरतो आणि सांधा घट्ट बसतो. पाऊल खाली ताणलं, म्हणजे चवड्यावर उभं राहिलं, की अरुंद भाग पकडीत येतो आणि आजूबाजूला जागा सुटते. आता आठवा, तुम्ही उडी मारून खाली आलात तेव्हा आधी चवडा टेकला होता. सांधा अशा अवस्थेत होता की त्याला हाडांचा आधार कमीत कमी आणि सगळी भिस्त लिगामेंटवर. त्यातलं सगळ्यात कमकुवत लिगामेंट बाहेरच्या उंचवट्याच्या पुढच्या कडेपासून टेलसच्या मानेपर्यंत जातं. पाऊल खाली ताणलेलं असताना तेच सर्वांत जास्त ताणात असतं. घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेकांचं आधी तेच फाटतं किंवा ताणतं. आतल्या बाजूला असतं तसं रुंद, जाड, पंख्यासारखं लिगामेंट बाहेरच्या बाजूला नाही. तिथे तीन वेगवेगळ्या पट्ट्या आहेत. शिवाय आतलं हाड उंचावर संपतं, त्यामुळे आत वळणाऱ्या पावलाला तिथे लवकर अडसर मिळत नाही. म्हणून माणसाचा घोटा बहुतेक वेळा आतच वळतो.

मग जिना उतरताना पुढे आवळतं ते का? जिना उतरताना जो पाय वरच्या पायरीवर मागे राहतो, त्याचा गुडघा पावलाच्या बराच पुढे जातो. म्हणजे घोटा खूप वाकावा लागतो आणि टेलसला पकडीत मागे सरकावं लागतं. मुरगळल्यानंतर आठवडेच्या आठवडे बांधून ठेवलेल्या सांध्यात हे मागे सरकणं अनेकदा कमी होतं. सांध्याची पिशवी आखडते, पोटरी आखडते. तुमचा घोटा वाकत नाही, म्हणजे रुंद भाग पुरता पकडीत शिरत नाही, म्हणजे सांधा ज्या स्थितीत सर्वांत घट्ट असतो तिथपर्यंत तो पोचतच नाही. तुम्ही म्हणता सैल झालाय. मला तुमच्या वर्णनातून दिसतं ते असं की तो एका दिशेला सैल आहे आणि दुसऱ्या दिशेला ताठर, आणि ताठरपणामुळे सैलपणा जास्त जाणवतोय. दाराच्या बिजागरीला असं दोन्ही एकदम होत नाही.

आता बोट बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे, किंचित खाली न्या. एक मऊ खळगा लागेल. त्या खळग्याच्या तळाशी दुसरा सांधा आहे, टेलस आणि टाचेचं हाड यांच्यामधला. पाऊल आत-बाहेर कलतं ते मुख्यतः या खालच्या मजल्यावर; वरच्या सांध्याचं काम वर-खाली करणं. म्हणजे ‘घोटा आत वळला’ असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्याहून जास्त गोष्ट घोट्याच्या खाली घडलेली असते. बाहेरच्या तीन पट्ट्यांपैकी मधली तर टेलसला ओलांडून सरळ टाचेच्या हाडाला जाते, एकाच वेळी दोन सांधे सांभाळते. या खळग्यात दाबल्यावर कळ येत असेल तर लिहून ठेवा आणि तपासणाऱ्याला सांगा. पुष्कळदा तिथे बोट ठेवून कुणी बघतच नाही.

अजून पुढे. एका हाताने टाच घट्ट धरा, ती बाहेर कलती करा आणि दुसऱ्या हाताने चवडा ओलं फडकं पिळावं तसा पिळून बघा. बराच फिरेल. आता टाच आतल्या बाजूला कलती करून तेच करा. चवडा अडतो. हे पावलाच्या मध्यावर आडव्या गेलेल्या सांध्यांच्या जोडीचं काम. फ्रान्सचे शल्यविशारद फ्रान्स्वा शोपार यांच्या नावाने ती ओळखली जाते. चालताना टाच टेकल्यावर टाच किंचित बाहेर कलते आणि पाऊल मऊ होतं, जमिनीचे चढउतार पोटात घेतं. मग शरीर पुढे गेलं की टाच आत येते, पाऊल कडक होतं आणि त्याचा तरफेसारखा उपयोग करून आपण पुढे ढकलले जातो. एकच पाऊल, प्रत्येक पावलागणिक एकदा मऊ आणि एकदा कडक. २६ हाडं आणि साधारण ३३ सांधे एवढा पसारा त्यासाठी लागतो. मी इतकी वर्षं हे शिकवतेय, तरी प्रत्येक वेळी मला त्याचं कौतुक वाटतं.

शोपारच्या पुढच्या ओळीत, लांब हाडांच्या बुडाशी, फ्रान्सचेच शल्यविशारद लिसफ्रांक यांच्या नावाची सांध्यांची रांग आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाचं लांब हाड तिथे मागे खाचेत रुतून बसलेलं असतं आणि कमानीच्या मधल्या दगडासारखं सगळ्यांना धरून ठेवतं. तुमचं दुखणं तिथे नाही, पण इतर वाचकांसाठी सांगते : पाऊल पिरगळल्यानंतर तळव्याच्या मध्यावर काळंनिळं झालं आणि चवड्यावर भार देता येत नसेल तर त्याला साधी लचक समजू नका. ही दुखापत झोपून काढलेल्या एक्स-रेत निसटू शकते. उभं राहून, पायावर भार देऊन काढलेला एक्स-रे लागतो.

या सगळ्या शेजाऱ्यांची ओळख करून देण्यामागे माझा एक हेतू आहे. घोटा दुखतो म्हणून आपण घोट्यालाच बांधतो, घोट्यालाच चोळतो, घोट्यालाच दोष देतो. पण वरचा सांधा वाकला नाही की खालचे आणि पुढचे त्याची भरपाई करतात. पाऊल भीतीने आखडलं की अंगठ्यावर भार जात नाही आणि माणूस बाहेरच्या कडेवर चालायला लागतो. आणि बाहेरच्या कडेवर पडलेलं पाऊल आत वळायला निमित्तच शोधत असतं. तुमच्या जुन्या चपलेचा तळ पालथा करून बघा. बाहेरची कड दुसऱ्या पायापेक्षा जास्त झिजलीय का?

आता फळ्याकडे वळताना काय झालं ते. सपाट जमीन, उडी नाही, धक्का नाही. तुमच्या पत्रातली ही ओळ मला सगळ्यात जास्त बोलकी वाटली. लिगामेंट हा नुसता दोर नसतो. त्यात आणि सांध्याच्या पिशवीत मज्जातंतूंची टोकं असतात. पाऊल आत्ता कुठे आहे, किती कललंय, ही बातमी ती सतत वर पाठवत असतात. लिगामेंट फाटतं तेव्हा त्याच्याबरोबर ही बातमी पाठवणारी व्यवस्थाही बिघडते. १९६५ साली ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं. त्यांनी हेही दाखवलं की तोल सांभाळण्याचे व्यायाम केलेल्यांचा घोटा नंतर कमी वेळा दगा देतो. पुढच्या काळात तोलाच्या व्यायामांवर पुष्कळ काम झालं आणि पुन्हा मुरगळणं त्यांनी कमी होतं हे पक्कं झालं. पाऊल वळतं ते पापणी लवायच्या आत. त्या वेळात स्नायूंनी धावून येणं कठीणच. म्हणून पाऊल टेकायच्या आधीच ते योग्य स्थितीत असावं लागतं, आणि त्यासाठी मेंदूला पायाची बातमी वेळेवर मिळावी लागते. तुमचे तीन आठवडे विश्रांतीत गेले, पुढचे महिने सपोर्टमध्ये. पण ही बातमी पुन्हा सुरू करण्याचं काम कुणी तुम्हाला सांगितलंच नाही. हा तुमचा दोष नाही.

तुमच्या पर्यायांकडे येते. झटका देऊन बसवून घेणं नको. खरोखर निखळलेल्या घोट्याने कुणी सात महिने वर्गात उभं राहू शकत नाही. ती तातडीची अवस्था असते, आकार डोळ्यांना वेडावाकडा दिसतो. तुमचं काहीही सरकलेलं नाही, त्यामुळे बसवण्यासारखंही काही नाही. झटक्याने ‘कट्’ आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याने, आणि थोडा वेळ हलकं वाटतंही. पण आधीच ताणलेल्या लिगामेंटला आणखी हिसका कशासाठी द्यायचा? ज्यांनी आग्रह केला त्यांची माया मी समजते. त्यांना एवढंच सांगा की तपासणी चालू आहे.

एमआरआय उपयोगी आहे, पण आज पहिली पायरी म्हणून मी तो करायला सांगणार नाही. घोट्यात खोलवर दुखत असेल, चालून आल्यावर पुन्हा पुन्हा सूज येत असेल, सांधा मध्येच अडकत असेल, तर टेलसच्या घुमटावरची कूर्चा दुखावली आहे का हे बघायला तो हवा. नीट केलेल्या सहा ते आठ आठवड्यांच्या व्यायामानंतरही घोटा तसाच दगा देत असेल, तरीही हवा. त्याआधी एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाने किंवा फिजिओथेरपिस्टने तुमची टाच हातात धरून, टेलस पुढे किती सरकतो हे दुसऱ्या पायाशी ताडून बघणं जास्त मोलाचं आहे. फाटलेलं लिगामेंट पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रियाही आहे. स्वीडनच्या ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली मांडलेली पद्धत आजही वेगवेगळ्या रूपांत वापरली जाते. पण ती व्यायामाला दाद न देणाऱ्यांसाठी.

सपोर्टचं माझं मत घरच्यांना कदाचित रुचणार नाही. तो फेकून देऊ नका. ज्यांचा घोटा आधी मुरगळलाय त्यांनी खेळताना सपोर्ट घातला तर पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो, हे खरं आहे. पण घरात, वर्गात, सपाट जमिनीवर दिवसभर तो कशासाठी? पहिल्या आठवड्यात घरात काढा, दुसऱ्यात शाळेतले पहिले दोन तास, मग हळूहळू पूर्ण दिवस. एकदम सोडाल तर भीतीनेच पाऊल आखडेल.

व्यायाम सांगण्याआधी एक मोजमाप. भिंतीसमोर उभ्या राहा, उजव्या अंगठ्याचं टोक भिंतीपासून थोडं दूर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा लावा. टाच उचलल्याशिवाय गुडघा लागेनासा होतो त्या आधीचं अंगठा ते भिंत हे अंतर पट्टीने मोजा. मग डाव्या पायाचं मोजा. दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर ताठरपणाबद्दल मी म्हटलं ते तुम्हाला आकड्यांत दिसेल. हाच पुढे व्यायामही होतो : दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा वेळा, गुडघा अंगठ्याच्या आत न ढळता दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे न्यायचा. ताण मागे पोटरीत जाणवला तर उत्तम. घोट्याच्या पुढे चिमटल्यासारखं होऊन तिथेच अडत असेल तर जोर लावू नका, फिजिओथेरपिस्टकडून सांधा मोकळा करून घ्या.

तोलाचा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा आणि करायला सगळ्यात सोपा. अनवाणी, ओट्याशेजारी किंवा भिंतीशेजारी, हात टेकायला जागा ठेवून उजव्या पायावर ३० सेकंद उभं राहायचं. गुडघा किंचित वाकलेला. बोटांनी जमीन आवळायची नाही. टाच, अंगठ्याचं बूड आणि करंगळीचं बूड या तीन ठिकाणी भार सारखा वाटतोय का बघायचं. पाऊल बारीक बारीक थरथरेल, ते चांगलं लक्षण आहे, ते शिकतंय. जमलं की उभ्या उभ्या मान डावी-उजवीकडे वळवा. तुम्ही फळ्याकडे वळलात तेव्हा नेमकं हेच घडलं होतं. त्यानंतर डोळे मिटून, त्यानंतर घडी घातलेल्या चादरीवर. दिवसातून पाच मिनिटं, पण रोज. दोन दिवस एक तास करून काही होत नाही.

तिसरं, ताकद. बाहेरच्या उंचवट्याच्या मागून दोन दोर जातात, पाऊल बाहेर ओढणाऱ्या पेरोनियल स्नायूंचे. खुर्चीवर बसून करंगळीची कड टेबलाच्या पायाला लावा आणि पाच सेकंद बाहेर ढकला, दहा वेळा. मग उभं राहून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, काही आठवड्यांनी एकाच. वर जाताना भार करंगळीकडे पळतो. तो अंगठ्याच्या बुडाकडे आणायचा, हे लक्ष दिल्याशिवाय होत नाही. एका पायावर वीस-पंचवीस वेळा, डाव्याइतकंच सहज जमू लागलं की पुढचं बोलायचं.

करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जातं, ते चालतं. सकाळी जास्त सूज किंवा लंगडणं दिसलं तर आदल्या दिवशीचा डोस कमी करायचा, बंद नाही. पण ज्यांना मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी आहे त्यांनी अनवाणी किंवा डोळे मिटून हे करू नये. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, पोटरी एकाच बाजूने सुजून दुखणं, मार न लागता सांधा लाल-गरम होणं किंवा तापासोबत सुजणं, असं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

आणि खेळ? सोडू नका. घरच्यांना तुमची काळजी वाटते, पण त्यांनी समोर ठेवलेले ‘खेळ किंवा घोटा’ हे दोनच रस्ते नाहीत. उजव्या पायावर जागच्या जागी दहा उड्या, मग पुढे-मागे आणि आडव्या उड्या, न घाबरता आणि डाव्या पायासारख्याच जमल्या की सपोर्ट घालून कोर्टवर जा. पहिले दोन आठवडे शटलशिवाय नुसती पावलं टाका, मग कुणाशी तरी सावकाश रॅली, उंच उडीचे फटके सगळ्यात शेवटी. बूट कोर्टवर खेळायचेच घ्या. धावण्याच्या बुटांचा तळ जाड आणि मऊ असतो, त्यात आडवं सरकताना पाऊल कलतं. सपोर्ट खेळापुरता वर्षभर तरी राहू दे.

राहिला मुलगा. त्याला भिंतीला हात लावून चवड्यांवर उभं राहायला सांगा आणि मागून त्याच्या पावलांच्या आतल्या कडेकडे बघा. तळव्यात टाचेपासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड पट्टा जातो. बोटं वर वाकली की रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो बोटांच्या बुडाभोवती ओढला जातो, टाच पुढे खेचली जाते आणि कमान उचलते. संशोधक हिक्स यांनी १९५४ साली हे दाखवून दिलं आणि रहाटाचंच नाव त्याला दिलं. मुलांच्या पावलांची कमान पहिल्या दहा वर्षांत हळूहळू तयार होते, घराण्यात सपाट पाय असतील तर थोडी कमी राहते. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसली, टाच आत आली आणि त्याला दुखत नसेल, तो खेळतो, पळतो, तर काहीच करायचं नाही, खास बूटही नकोत. कमान दिसलीच नाही, किंवा पाय दुखतो म्हणून तो खेळ टाळत असेल, तर दाखवून घ्या. मी तिथे असते तर आधी त्याला चवड्यावर उभं करून तुम्हालाच खाली बसून बघायला लावलं असतं. बघा आणि मला लिहा.